बारा हेडफोन आणि एक डॉक्टर

बाईंचा नाचाचा वर्ग पहिल्या मजल्यावरच्या हॉलमध्ये भरायचा आणि हॉलच्या बरोबर खाली दातांचा दवाखाना होता. वर ढोलाचा ठेका सुरू झाला की खाली डॉक्टरांच्या हातातलं ड्रिल थबकायचं. खुर्चीतला पेशंट एक डोळा उघडून बघायचा. डॉक्टर छताकडे नजर लावून म्हणायचे, "जरा थांबू या. हे गाणं संपू दे."

डॉक्टर तसे भांडखोर नव्हते. बरेच दिवस त्यांनी कळ काढली. शेवटी त्यांनी हॉलच्या सेक्रेटरीला सांगून टाकलं की एक तर आवाज जाईल, नाहीतर वर्ग. सेक्रेटरी समोरच्याच्या होला हो मिळवणारा गृहस्थ. तो बाईंना म्हणाला, "आवाज न करता नाचता येत असेल तर बघा."

त्याच्या लेखी हा गोड शब्दांतला नकार होता. बाईंनी मात्र तो जसाच्या तसा घेतला. अकरा शिष्य आणि त्या स्वतः, असे बारा वायरलेस हेडफोन त्यांनी विकत आणले. गाणं फोनमधून एका छोट्या डबीत जायचं आणि डबीतून सगळ्यांच्या कानांत. खोलीत चिडीचूप आणि बारा माणसं जोरजोरात गिरक्या घेतायत, असा तो प्रकार. पहिल्याच दिवशी शिंपीणकाकूंनी मध्येच हेडफोन काढला, आजूबाजूला पाहिलं आणि हसून हसून खाली बसकण मारली.

"आपण असे दिसतो?" त्यांनी विचारलं. कुणालाच ऐकू गेलं नाही.

काही महिने दवाखाना खूश, वर्ग खूश. मग हेडफोन दमायला लागले. सुरुवातीला वर्ग संपला तरी चार्ज उरायचा. पुढे ते एका वर्गापुरतेच चालायचे, मग तेवढेही चालेनात. ऐन रंगात आलेल्या गाण्यात एकेक हेडफोन मान टाकायचा आणि बाई नाइलाजाने कोपऱ्यातला स्पीकर लावायच्या. खाली ड्रिल पुन्हा थबकायला लागलं.

या वेळी सेक्रेटरीने एका दमात सांगितलं, "शनिवारी डॉक्टर स्वतः वर येतील. एक नाच पहिल्यापासून शेवटपर्यंत करून दाखवा. स्पीकरला हात लागला तर हॉल सोडायचा. माझा नाइलाज आहे."

दुसरे हॉल बाईंनी कधीच बघून ठेवले होते. एकाच्या मधोमध खांब होता. दुसऱ्यात फरशी इतकी गुळगुळीत की चालतानाही भिंत धरावी लागे. तिसऱ्याच्या मालकाने 'नाच' शब्द ऐकताच फोन ठेवला होता. हा हॉल गेला की वर्ग गेला, इतकं सरळ होतं.

हेडफोन भरण्याचं काम बाईंच्या सासऱ्यांकडे होतं. बाबांची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजच्या बॅटरी रूममध्ये झालेली. कपाटाएवढ्या बॅटऱ्या त्यांनी कायम काठोकाठ भरलेल्या ठेवल्या होत्या आणि गावातला एकही फोन कधी मुका होऊ दिला नव्हता. त्यामुळे घरात चार्जर या वस्तूला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही असा अलिखित कायदा होता.

"बाबा, नक्की पूर्ण भरता ना?" बाईंनी विचारून पाहिलं.

"सकाळी चहाच्या आधी लावतो. शंभर टक्के," बाबा म्हणाले. "खोट मालातच आहे. सकाळी भरावेत, तर चारच्या सुमाराला बघतो तो खडखडाट. मग वर्गाआधी पुन्हा भरतो. काय करणार?"

वर्ग संध्याकाळचा. वापर नसताना दुपारी हेडफोन उतरतातच कसे, हे कोडं बाईंना सुटेना.

गुरुवारी त्या बाजारातून लवकर परतल्या. दिवाणखान्याचं दार लोटलं आणि त्या उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. सोफ्यावर उशा ओळीने मांडलेल्या होत्या आणि प्रत्येक उशीच्या डोक्यावर एकेक हेडफोन चढवला होता. उशा संपल्यावर उरलेले दोन फुलदाणीला आणि बाबांच्या टोपीच्या खुंटीला घातले होते. गाणं पाठवणारी ती डबी टेबलावर लुकलुकत होती. समोरच्या खुर्चीत सासूबाई मटार सोलत बसल्या होत्या.

"आई, हे काय?"

"हळू बोल गं. ह्यांचा आत्ता कुठे डोळा लागलाय."

"उशांना काय ऐकवताय?"

"रेडिओवरची मालिका. ऐकवत नाही गं, उतरवतेय." सासूबाईंनी एक शेंग फोडली. "बॅटरी पूर्ण रिकामी झाल्याशिवाय चार्जिंगला लावायची नसते. माझ्या पहिल्या फोनच्या वेळी दुकानदाराने बजावून सांगितलं होतं. तो फोन किती टिकला आठवतं ना? आणि हे बघावं तर सकाळ उजाडली की भरलेल्या पोटी पुन्हा भरवतात बिचाऱ्यांना. सांगून ऐकणारा माणूस का तो? म्हणून दुपारी मी मुकाट्याने रिकामे करून ठेवते."

"रोज?"

"रविवारी मालिका नसते," सासूबाई म्हणाल्या. "तेव्हा बातम्या लावते."

बाई बोटांवर मोजायला लागल्या. म्हणजे सकाळी एकाने काठोकाठ भरायचं, दुपारी दुसरीने तळापर्यंत उपसायचं, चारला पहिल्याने पुन्हा भरायचं आणि संध्याकाळी वर्गाने पुन्हा उपसायचं. हेडफोन दमणार नाहीत तर काय करतील?

तेवढ्यात आतल्या खोलीच्या दारात बाबा उभे राहिले. त्यांनी उशांकडे पाहिलं, खुंटीकडे पाहिलं आणि मग बायकोकडे पाहिलं.

"म्हणजे तू रोज..."

"म्हणजे तुम्ही रोज..."

"एक्स्चेंजमध्ये एक बॅटरी मी कधी उतरू दिली नाही."

"तिथे मी नव्हते म्हणून."

"म्हणूनच एक्स्चेंज चाललं."

बाईंनी दोघांना तसंच सोडून दुकानात फोन लावला. दुकानातल्या मुलीने सगळं नीट ऐकून घेतलं, मग "एक मिनिट हं" म्हणून फोन बाजूला ठेवला. पलीकडून तीन-चार माणसांच्या हसण्याचा आवाज आला. परत आल्यावर तिने घसा साफ केला.

"मॅडम, दोघांचंही बरोबर होतं, पण दुसऱ्या बॅटऱ्यांसाठी. ह्या बॅटरीला टम्म पोट सोसत नाही आणि उपासही सोसत नाही. वीस टक्क्यांवर आली की लावायची, ऐंशीला काढायची. भरल्यावर तशीच लावून ठेवायची नाही. उन्हात तर नाहीच. कुठे ठेवून भरता?"

बाईंनी पूर्वेच्या खिडकीकडे पाहिलं. खिडकीत बाबांनी चार्जरची रांग मांडली होती आणि सकाळभर तिथे असं ऊन यायचं की मेण वितळावं.

"खिडकीत," त्या म्हणाल्या.

"अरे देवा," मुलगी म्हणाली. "बरेच दिवस वापरायच्या नसतील तर अर्ध्या भरून गार जागी ठेवायच्या, बस. पूर्ण भरून पूर्ण रिकामी केली की दर वेळी तिचं आयुष्य थोडं झिजतं. तुमच्याकडे तर हे दिवसातून दोनदा चाललंय. काही महिन्यांत म्हातारी केलीत तुम्ही तिला."

"आता काही उपाय?"

"नवीन बॅटऱ्या. मागवल्या तर पंधरा दिवसांत येतील."

शनिवार परवावर आला होता.

शनिवारपर्यंत बाबा वीसपासून ऐंशीपर्यंत आकडे पाठ करत असल्यासारखे फिरत होते. सासूबाईंनी मालिका उशांशिवाय ऐकली आणि आता तिच्यात मजा राहिली नाही असं जाहीर केलं. बाईंनी हिशेब मांडला. हेडफोन पाव तास जेमतेम तग धरतात आणि नाचही साधारण तेवढाच. वेळेवर सुरू केलं तर निभावेल.

वेळेवर सुरू झालं नाही. शिष्य रांगेत उभे राहिले, हेडफोन चढले, चालू झाले आणि सेक्रेटरीला भाषणाची हुक्की आली. हॉलचा इतिहास, पाण्याच्या टाकीची दुरुस्ती, शेजारधर्म, काही म्हणून त्याने सोडलं नाही. सासूबाईंशेजारी भिंतीला टेकून बसलेल्या बाबांच्या ओठांवर आकडे उतरत होते. बाई हसऱ्या चेहऱ्याने आतल्या आत त्याला शिव्या मोजत होत्या.

डॉक्टरांसाठी बाईंनी हॉलच्या कपाटातून पाहुण्यांचा म्हणून नंतर घेतलेला तेरावा हेडफोन काढला. तो अर्धवट भरलेला, तिथेच गारव्यात पडून राहिलेला होता. घरी कधी गेलाच नव्हता, त्यामुळे ना बाबांच्या तावडीत सापडला होता ना आईंच्या. डॉक्टरांनी तो कपाळावरचा दिवा सरळ करावा तसा नीट बसवला, हाताची घडी घातली आणि खुर्चीत ताठ बसले.

नाच सुरू झाला आणि खरं म्हणजे झकास सुरू झाला. पण पहिलं कडवं संपतंय तोच पोस्टमनकाकांचा चेहरा पडला. हेडफोनमधली एक बाई गोड आवाजात 'बॅटरी लो' म्हणते आणि कायमची निघून जाते, तशी ती गेली होती. काकांनी शेजारणीचे पाय बघत पुढचा पाय टाकला. मग शेजारणीचीही बाई गेली. तिने पुढच्या मुलीकडे पाहिलं. रांगेत नजरा पुढे पुढे सरकू लागल्या. जो तो दुसऱ्याच्या भरवशावर. बाईंच्या स्वतःच्या कानातली बाई गेली तेव्हा एकट्या शिंपीणकाकूंकडे गाणं उरलं होतं. सगळा वर्ग त्यांच्याकडे वळला. काकूंना गंमत वाटून त्यांनी एक जास्तीची गिरकी घेतली आणि गिरकी संपताना हळूच नकारार्थी मान हलवली.

हॉलमध्ये आता गाणं कुणालाच ऐकू येत नव्हतं. बाईंचा हात कोपऱ्यातल्या स्पीकरकडे निघाला. सासूबाईंनी डोळे मिटून घेतले.

बाईंची नजर गेली ती डॉक्टरांच्या बुटावर. बूट हलत होता. टाच जमिनीवर आणि पुढचा भाग अचूक ठेक्यात वर-खाली. बाईंनी हात मागे घेतला, शिष्यांकडे पाहिलं आणि भुवयांनी बुटाकडे खूण केली.

अकरा माणसं बुटाकडे बघून नाचू लागली. बूट थबकला की थबकायची, बूट पळाला की पळायची. डॉक्टरांच्या लक्षात एवढंच आलं की सगळेजण मोठ्या आदराने आपल्याकडे बघतायत. ते संकोचून उठून उभे राहिले. उभं राहिल्यावर नुसतं उभं राहणं वाईट दिसेल म्हणून खांदे हलवले. पोस्टमनकाकांनी ताबडतोब खांदे हलवले. डॉक्टरांनी बोटं उडवली, अकरा जणांनी बोटं उडवली. डॉक्टरांनी चष्मा सावरला आणि शिंपीणकाकूंनी नसलेला चष्मा सावरला. सेक्रेटरी आ वासून बघत होता. त्याच्या कानात काहीच नव्हतं, त्यामुळे खालच्या मजल्यावरचा गंभीर मनुष्य निःशब्द खोलीत एका वर्गाला नाचवतोय, एवढंच त्याला दिसत होतं.

शेवटी ढोल चढत जातात आणि सगळे मिळून उंच उडी घेतात. ढोल चढल्याचं कळायला आता एकच मार्ग होता. डॉक्टरांचे डोळे मोठे झाले, ते चवड्यांवर आले, हात वर गेले आणि पांढऱ्या कोटासकट ते हवेत उडाले. त्यांच्याबरोबर बाकीचे बाराही उडाले.

खिडक्यांच्या काचा थरथरल्या. डॉक्टरांनी हेडफोन काढला. ते धापा टाकत होते आणि कान लाल झाले होते.

"ठेका फार पक्का बसलाय तुमच्या वर्गाचा," ते म्हणाले. "सगळे अगदी एकदम."

इथे गप्प बसलं असतं तर भागलं असतं. सेक्रेटरीने होकारासाठी मान हलवायला घेतलीच होती. पण वर्षानुवर्षं दुसऱ्यांची चुकलेली पावलं तोंडावर सांगणाऱ्या बाईंना ते जमेना.

"डॉक्टर, अर्ध्याच्या आधीच आमच्या बॅटऱ्या संपल्या होत्या," त्या म्हणाल्या. "गाणं फक्त तुम्हाला ऐकू येत होतं. आम्ही तुम्हाला बघून नाचलो."

डॉक्टरांनी हातातल्या हेडफोनकडे पाहिलं. "म्हणजे ते चष्म्याचंसुद्धा..."

"तेसुद्धा," शिंपीणकाकू म्हणाल्या.

दवाखान्यातली मदतनीस जिना चढून दारात आली. "डॉक्टर, वरून काही पडलं का? पेशंट विचारतायत."

"मीच," डॉक्टर म्हणाले. "येतो म्हणावं."

त्यांनी कोट झटकला आणि दारापर्यंत गेले. तिथे थांबून त्यांनी जमिनीकडे बोट केलं. "ती उडी नेमकी माझ्या खुर्चीवर येते. खिडकीकडे सरकवा. खाली तिकडे नुसती कपाटं आहेत."

"म्हणजे हॉल यांना द्यायचा का?" सेक्रेटरीने विचारलं.

"मी उडी सरकवा म्हटलं. बंद करा कुठे म्हटलं?" डॉक्टर जिना उतरता उतरता म्हणाले.

त्यांची पावलं खाली पोचेपर्यंत सगळे जिन्याकडे कान लावून उभे होते. मग बाबांनी उगाचच आईंशी हात मिळवला. बाईंनी मेलेले बाराही हेडफोन काढून ढीग घातला, वर्गाला खिडकीकडे सरकवलं आणि गाण्याबिण्याची वाट न बघता आकडे म्हणायला सुरुवात केली. शिष्यांना हसण्यामुळे उडता येईना. पण उडी खिडकीपाशी बसली. एकदा बसली, दोनदा बसली आणि खालच्या ड्रिलचा बारीक आवाज न थबकता वर येत राहिला.