फरशीवरचा आळ

दोन्ही हातांनी खांब पकडून तिनं अंग वर ओढलं, मांड्यांमध्ये तो आवळून धरला आणि डावा पाय बाजूला लोंबू दिला. हाड जुळेपर्यंत डॉक्टरांनी दिलेल्या गुडघ्यापर्यंतच्या जाड बुटात जखडलेला तो पाय ओंडक्यासारखा जड झाला होता. खाली कोच गादी सरकवत होती.

"पाय विसर," कोच म्हणाली. "आज तो क्लासला आलेलाच नाही असं समज."

"आलाय ना. आणि सगळ्यांत जड तोच आहे."

कोच हसली नाही. जिम्नॅस्टिक्सच्या पायी दोन्ही गुडघे कामातून गेलेली ती बाई दुखापतीची थट्टा चालवून घेत नसे. डॉक्टरांनी हात, पोट आणि पाठीच्या व्यायामाला हरकत घेतली नव्हती, म्हणूनच तिनं हिला पुन्हा वर्गात घेतलं होतं, तेही एका अटीवर. उतरायचं ते तिच्या हातांवरच.

वर जायला मनगटं पुरत. खाली येताना मात्र कोच कमरेला धरून तिला अलगद गादीवर बसवी. दिवसभर चष्म्याच्या दुकानात मशीनवर काचा घासून त्या केसाचाही फरक न पडू देता फ्रेममध्ये बसवणारी ही बाई, त्या क्षणी कडेवरून उतरवलेल्या पोरासारखी होऊन जाई. तिला लाज वाटे. तरी ती क्लास चुकवत नव्हती. मान खाली घालून बसलेल्या दिवसाचा सगळा शीण खांबावर उलटं झाल्यावरच उतरायचा.

"घरी काय सांगतेस?" तिला खाली ठेवताना कोचनं विचारलं.

"फिजिओथेरपी."

कोचनं हातावरची पांढरी पावडर झटकली आणि दुसऱ्या मुलीकडे वळली.

पाय मोडला होता तो इथंच. उतरायची घाई करून तिनं वरूनच उडी टाकली, गादीच्या कडेवर पाऊल मुडपलं आणि बाहेरच्या बाजूचं हाड गेलं. सासूबाई तेव्हा लेकीकडे राहायला गेल्या होत्या. दवाखान्यात असतानाच त्यांचा फोन आला आणि "बाथरूममध्ये घसरले" हे तिच्या तोंडून निघून गेलं. नवऱ्याला खरं ठाऊक होतं. त्यानं नुसत्या भुवया उंचावल्या, आणि फोन ठेवल्यावर म्हणाला, "बरं झालं. सून खांबाला मिठी मारता मारता पडली, हे आईला कुठल्या तोंडानं सांगणार होतो?"

दोघंही हसली होती.

सासूबाई परत आल्या त्या थेट बाथरूमच्या उंबऱ्याशी जाऊन उभ्या राहिल्या. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्म काढलेली, कुणाच्या अध्यात ना मध्यात अशी ताठ बाई. त्यांनी फरशीकडे असं पाहिलं, की जणू घरात चोर राहायला आलाय. आधी रबरी चटई आली. मग भिंतीला धरायला दांडा बसला. सुनेच्या मांडीवरचे निळे-जांभळे डाग त्यांच्या नजरेला पडले तेव्हा, "किती लागलंय गं तुला," म्हणून त्यांचा आवाज कापला. ते डाग खांबाचे होते. दुसऱ्या दिवशी अंघोळीला जाताना त्या दारातच थांबल्या.

"तू जरा बाहेर बसशील? दार लोटून घेते नुसतं."

तेव्हापासून रोज सकाळी ती दाराबाहेर स्टूलवर बसे, मोडका पाय पालथ्या बादलीवर ठेवून. इतकी वर्षं एका घरात काढूनही दोघींचं बोलणं दूध उतू गेलं, गॅस बंद केलास का, याच्या पलीकडे क्वचितच गेलं होतं. सासूबाईंना समोरासमोर बोलणं जमतच नसावं. दार मध्ये आल्यावर त्या बोलू लागल्या. एक्स्चेंजमधल्या भांडखोर मैत्रिणीबद्दल, सासऱ्यांच्या घोरण्याबद्दल. एकदा सांगितलं, बायको गेल्यावर एक गृहस्थ रोज संध्याकाळी फक्त वेळ विचारायला एक्स्चेंजला फोन करायचे.

"घड्याळ नव्हतं त्यांच्याकडे?"

"होतं की. मागे टोले ऐकू यायचे."

आत तांब्यातलं पाणी सावकाश पडत होतं.

दुकानातली गिऱ्हाइकं, साहेबांचं वेंधळेपण, सगळं तीही सांगू लागली. संध्याकाळी कुठं जाते तेवढं सोडून.

मग एके दिवशी जेवताना नवरा म्हणाला, "फरशीवाल्याला बोलावलंय. सगळी उखडून खरखरीत टाकून घेऊ. आईच्या मनातली भीती काही जात नाही."

सासूबाईंनी ताटातला भात संपवला. त्या उठून गेल्यावर ती म्हणाली, "अरे, त्या फरशीचा काय दोष आहे?"

"मग तू सांग तिला तसं," तो ताटातून नजर न काढता म्हणाला.

सकाळी स्टूलवर बसल्यावर तिनं बराच वेळ बुटाचे पट्टे नुसतेच घट्ट केले, सैल केले.

"आई, मी इथं नव्हते पडले."

आतला नळ बंद झाला.

"मग कुठं?"

"क्लासमध्ये. उभा खांब असतो, त्याच्यावर चढून नाचाचे प्रकार करतात. ते शिकते मी. अजूनही जाते. फिजिओथेरपी म्हणून सांगते ते तेच."

"या पायानं?"

"पाय टेकवत नाही. कोच धरून उतरवते."

"त्या दिवशी नव्हतं धरलं?"

"मीच थांबले नाही."

ती बोलणी खायच्या तयारीनं बसून होती. नाचाबद्दल, खांबाबद्दल, लोकांबद्दल.

"म्हणजे फरशी चांगली आहे," सासूबाई म्हणाल्या.

"हो."

"संध्याकाळनंतर पाणी प्यायचंच सोडलं होतं गं मी. रात्री इथं यायला लागू नये म्हणून."

तिनं कपाळ दाराला टेकवलं. आत नळ सुरू झाला.

फरशीवाल्याला तिनंच येऊ नको म्हणून कळवलं. नवऱ्यानं कारण विचारलं नाही. सासूबाई त्या दिवशी तिच्याशी नीट वागल्या, नेहमीसारख्या. ती बूट घालून स्वयंपाकघरात उभी राहिली तर "बस, मी करते," म्हणाल्या. रागावल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं. संध्याकाळी ती क्लासला निघाली तेव्हा त्या पेपर वाचत होत्या. "येते," ती म्हणाली. "हं," त्या म्हणाल्या. क्लासमध्ये तिची पकड सारखी सुटत राहिली, तेव्हा कोचनं तिला लवकर घरी पाठवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई टॉवेल घेऊन तिच्या शेजारून गेल्या. भिंतीच्या दांड्याला हात न लावता आत शिरल्या, आणि आतून कडी लागल्याचा आवाज आला.

ती तिथंच उभी राहिली. मग नेहमीसारखं स्टूल ओढलं, पाय बादलीवर ठेवला आणि बसली. आत पाणी पडत होतं, एरवीपेक्षा भराभर.

नवरा बूट घालता घालता बाहेर डोकावला. "आता का बसलीयस इथं? आईला काही आता सोबत लागणार नाही."

"पाय ठणकतोय," ती म्हणाली, जरा मोठ्यानंच. "जरा बसते."

पाय मुळीच ठणकत नव्हता.

तो निघून गेला. आतलं पाणी थांबलं होतं. तिनं कान दिला. आत काहीच हाललं नाही. मग पुन्हा पाणी पडू लागलं, सावकाश.