मास्तरांच्या स्वप्नातली लाल गाडी

मित्रांनो, असे वाकून बघू नका, पाठ धरेल. मी आहेच तेवढी बुटकी. मी एक जुनी लाल मोटारगाडी, दोन दारांची आणि दोनच सीटची. एके काळी मी अशी देखणी होते की माझ्याकडे बघता बघता माणसे दिव्याच्या खांबाला धडकत. हे मीच सांगते आहे, कारण ती माणसे आता म्हातारी झाली आणि धडकल्याचे कबूल करत नाहीत.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. माझ्या अंगावर लाल रंगाचे चार हात दिले, कारण तीन हातांनंतर रंगशाळेतला मुकादम म्हणाला, "अजून लाल हवी." माझे पुढचे दोन दिवे बॉनेटच्या आत लपवलेले होते. बटण दाबले की ते बेडकाच्या डोळ्यांसारखे टुणकन वर यायचे. या गोष्टीचा मला भारी तोरा होता. पुढे वय झाल्यावर त्यातला एक दिवा अडकू लागला, एकच वर यायचा आणि परत खाली जायचा. त्यामुळे मी येणाऱ्याजाणाऱ्या सभ्य गृहस्थांना डोळा मारते, असा माझा उगाचच बोभाटा झाला.

माझे पहिले मालक दातांचे डॉक्टर होते. त्यांनी मला चार वर्षे अगदी डोक्यावर घेतले. दर रविवारी मऊ कापडाने अंग पुसायचे, मग गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर एक फेरी. मग त्यांना जुळे झाले. डॉक्टरांच्या बायकोने एकेक बाळ एकेका हातावर घेऊन माझ्यात डोकावून पाहिले आणि शांतपणे विचारले, "आणि आम्ही तिघं कुठे बसायचं? बॉनेटवर?"

दुसऱ्या दिवशी माझ्यावर जाड कापड पडले. मित्रांनो, ते कापड कधी निघेल म्हणून मी आधी दिवस मोजले, मग पावसाळे मोजले, मग मोजणेच सोडले. टायर बसले. बॅटरीने मान टाकली. समोरच्या कप्प्यात उंदरांनी संसार थाटला, आणि खरे सांगते, पहिल्या वर्षी राग आला तरी पुढे मला त्यांचाच आधार वाटायचा. मला कुणी मारले नाही, कुणी तोडले नाही. फक्त कुणी आले नाही.

मग एके दिवशी कापड सरकले आणि एका गोल, टक्कल पडलेल्या, चष्मा लावलेल्या माणसाचा चेहरा माझ्या काचेवर आला. त्याचे डोळे भरून आले होते. तेच आमचे मास्तर.

मास्तर मोटार चालवायला शिकवायचे. त्यांची स्वतःची शिकवणीची गाडी होती, उंच आणि डब्यासारखी, वर "शिकाऊ" अशी पाटी. त्या गाडीत शिकणारा स्टिअरिंगवर बसतो आणि मास्तर शेजारच्या सीटवर. मास्तरांच्या पायाशी एक जादा ब्रेक आणि एक जादा क्लच. शिकणारा गडबडला की मास्तर तिकडून पाय दाबणार. सव्वीस वर्षे त्यांनी हेच केले होते. अर्ध्या गावाला गाडी शिकवली आणि त्याच अर्ध्या गावापासून उरलेल्या अर्ध्याला वाचवले.

आता मी त्यांच्या स्वप्नात कशी शिरले ते ऐका. मास्तर नऊ वर्षांचे असताना त्यांच्या गल्लीतल्या केशकर्तनालयात भिंतीवर एक मोठे कॅलेंडर होते. त्यावर माझे चित्र होते. म्हणजे माझ्यासारखीचे, पण एवढा फरक मी मानत नाही. डोंगराच्या वळणावरून लाल गाडी भरधाव येते आहे आणि मागे धुळीचा लोट, असे ते चित्र. ते बघण्यासाठी हा पोरगा केस वाढलेले नसतानाही कापायला जाऊन बसायचा. त्या वर्षीच्या शाळेच्या फोटोत तो जवळजवळ चकोट दिसतो. त्याने तेव्हाच ठरवले होते की मोठेपणी ही गाडी घ्यायची. बाकी काहीच ठरवले नव्हते, म्हणून बाकी सगळे आपोआप झाले.

तर मास्तरांनी मला डॉक्टरांकडून विकत घेऊन घरी आणले. मेकॅनिकने उंदरांना बाहेरचा रस्ता दाखवला, नवी बॅटरी बसवली, आणि तो पहिला रविवार उजाडला. मास्तरांनी नवा शर्ट घातला, दार उघडले, आत बसले, पट्टा लावला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "आरसे बघा. आता क्लच हळूऽऽ सोडा."

मी वाट बघितली. मास्तरांनीही वाट बघितली. कुणीच क्लच सोडला नाही, कारण स्टिअरिंगवर कुणी नव्हते. मास्तर सवयीने शेजारच्या सीटवर बसले होते.

ते इकडे तिकडे बघून उतरायला लागले. उतरणे म्हणजे सोपे काम नव्हे. माझी सीट जमिनीपासून वीतभर उंच. नऊ वर्षांचे पोर त्यातून सुळकन बाहेर येईल, पण मास्तरांना पंचेचाळिशी ओलांडून बरीच वर्षे झाली होती, आणि पोट त्यांच्याही पुढे गेले होते. त्यांनी आधी एक पाय बाहेर काढला, मग डोके, मग दोन्ही हात फुटपाथवर टेकले आणि उरलेले अंग ओढून घेतले. त्यांची बायको दारात उभी राहून बघत होती.

"अहो, काही हरवलं का?" तिने विचारले.

"नाही," मास्तर रांगता रांगता म्हणाले. "उतरतोय."

या बाई शाळेची बस चालवायच्या, एकोणीस वर्षे. मागे बेचाळीस मुले आणि पुढे एकट्या बाई. नुसत्या आरशातून बघितले तरी मागच्या बाकावरचा दंगा थांबायचा. माझ्याबद्दल त्यांचे मत फारसे चांगले नव्हते. एकदा शेजारी बसून त्या म्हणाल्या होत्या, "यातून रस्ता कुठे दिसतो? लोकांचे गुडघे तेवढे दिसतात." तेव्हा मला राग आला होता. आता वाटते, त्या खरेच बोलत होत्या.

मास्तर मला चालवू लागले, पण काय सांगू. सव्वीस वर्षे दुसऱ्यांना सूचना देऊन त्यांचे स्वतःचे हात सूचनांची वाट बघायला शिकले होते. चौकात मी बंद पडायचे. मागून त्यांचाच एखादा जुना विद्यार्थी गाडी शेजारी आणून काच खाली करून म्हणायचा, "मास्तर, पहिला गिअर टाका." गतिरोधकावर माझे पोट घासायचे आणि मास्तरांच्या काळजात चर्र व्हायचे. घरी आल्यावर ते पाठीला गरम पाण्याची पिशवी लावून बसायचे. कुणी विचारले तर म्हणायचे, "मजा येते." एवढ्या पडेल आवाजात कुणी मजेबद्दल बोललेले मी ऐकले नव्हते.

तरी ते दुसऱ्या कुणाला माझ्या स्टिअरिंगला हात लावू देत नसत. अर्ध्या गावाच्या हातात गाडी देणारा हा माणूस माझी किल्ली मात्र खिशात दोन रुमालांच्या खाली ठेवायचा. बाईंनीही कधी मागितली नाही.

एका रविवारी दुपारी मास्तर फेरीला गेलेच नाहीत. गॅरेजमध्ये माझ्यात नुसतेच बसून राहिले आणि स्टिअरिंगला म्हणाले, "तुझं काही चुकलं नाही. नऊ वर्षांचा होतो तेव्हा वाटायचं, ही मिळाली की झालं. आता मिळालीस, आणि कधी एकदा उतरतो असं होतं. मग मी एवढी वर्षं कशाची वाट बघत होतो?"

मला वाईट वाटले, मित्रांनो. कापडाखालच्या वर्षांतही एवढे वाटले नव्हते. तिथे मी नुसती विसरली गेले होते. इथे मी डोळ्यांसमोर नकोशी होत होते, आणि मला बोलता येत नव्हते.

दुसऱ्या आठवड्यात मास्तरांनी मला विकायची जाहिरात दिली.

शनिवारी गिऱ्हाईक आले. एक गोरेगोमटे, ढेरपोटे हॉटेलवाले. त्यांनी माझ्याभोवती दोन चकरा मारल्या आणि आपला बेत सांगितला. "हॉटेलच्या दारात चौथरा बांधतोय. त्यावर ही ठेवायची. इंजिन काढून टाकायचं, बॉनेटमध्ये माती भरून फुलझाडं लावायची. लोक फोटो काढतील."

"म्हणजे चालणार नाही?" मास्तरांनी विचारले.

"चालून कुठे जायचंय तिला?"

इतक्या वर्षांनी चालू झालेले इंजिन काढून मी कुंडी होणार होते. मास्तरांनी खाली बघितले, चष्मा पुसला, आणि "बरं" म्हणाले. मी समजले की माझे आता संपले.

"पण घेण्याआधी चालवून दाखवा," हॉटेलवाले म्हणाले. "चालती गाडी बंद केली तर त्याला किंमत. मुळातच बंद असली तर काय उपयोग?"

मास्तर पुढे झाले, दार उघडले, बसले आणि पट्टा लावला. पुन्हा शेजारच्याच सीटवर. हॉटेलवाल्यांना वाटले, आपण चालवायची. त्यांनी स्टिअरिंगखाली शिरायचा प्रयत्न केला, पण पोट आणि स्टिअरिंग यांच्यात तडजोड होईना. अर्धे आत, अर्धे बाहेर अशा स्थितीत ते अडकले. शेजारून मास्तर सवयीने म्हणाले, "घाई करू नका. श्वास सोडा."

तेवढ्यात बाई शाळेची बस जागेवर लावून घरी आल्या. अंगात खाकी कोट, हातात डबा. त्यांनी एकदा आत बघितले, डबा माझ्या टपावर ठेवला, हॉटेलवाल्यांना खांद्याला धरून बाहेर ओढले आणि म्हणाल्या, "अहो, तुम्हीही उतरा. यांना शेजारी बसू द्या. मी दाखवते चालवून."

मास्तरांनी तोंड उघडले, पण बाईंनी आरशातून बघावे तसे बघितले. दोन रुमालांच्या खालून किल्ली निघाली. मास्तर रांगत उतरले, हॉटेलवाले रांगत चढले, बाईंनी डबा टपावरून काढून मास्तरांच्या हातात दिला आणि आम्ही निघालो.

काय सांगू तुम्हाला. बेचाळीस मुलांची जडशीळ बस वळवणारे ते हात होते. त्यांनी मला असे हलके धरले की गिअर कधी पडले ते मलाच कळले नाही. गल्लीच्या टोकाला गतिरोधक आला, तो त्यांनी तिरपा घेतला आणि माझे पोट पहिल्यांदाच घासले नाही. मोकळ्या रस्त्यावर बाईंनी आरशात बघितले, आणि बघतच राहिल्या.

"काय झालं?" हॉटेलवाल्यांनी दार घट्ट धरून विचारले.

"मागे कुणी नाही," बाई म्हणाल्या. "एकोणीस वर्षं झाली, मागे कुणी नाही असं कधी झालंच नव्हतं." आणि त्यांनी पाय जरा जास्तच दाबला.

परत येताना घराआधी एक वळण लागते. तिथून मी धूळ उडवत आले. बाईंनी बटण दाबल्यावर माझा एक दिवाही वर आला. मास्तर फुटपाथवर हातात डबा धरून उभे होते. त्यांनी मला बघितले, आणि मित्रांनो, त्यांचे तोंड उघडेच राहिले. टक्कल, चष्मा, पोट सगळे तिथेच होते, पण चेहऱ्यावर नऊ वर्षांचे पोर होते.

तेव्हा मला उलगडा झाला, आणि त्यांनाही. त्या चित्रात लाल गाडी समोरून येत होती. चित्र बघणारा पोरगा गाडीत कधी नव्हताच, तो रस्त्याच्या कडेला होता. मास्तरांनी मला विकत घेतले, पुसले, चालवले, फक्त मी येताना कशी दिसते ते एकदाही पाहिले नव्हते. बघणार कसे? प्रत्येक वेळी ते माझ्या पोटात बसलेले असायचे.

बाईंनी मला थांबवले. हॉटेलवाले बाहेर आले, गुडघे झटकले आणि म्हणाले, "छान आहे. मंगळवारी ट्रक पाठवतो."

मास्तरांनी त्यांच्याकडे बघितलेच नाही. ते बायकोला म्हणाले, "अगं, अजून एकदा आण ना. त्या वळणावरून."

बाईंनी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितले. कशाला म्हणून विचारले नाही. माझे तोंड वळवले आणि निघाल्या. त्या दुपारी मी त्या वळणावरून सात वेळा आले. पाचव्या फेरीनंतर हॉटेलवाले पायीच निघून गेले. पुढे त्यांनी चौथऱ्यावर एक नांगर ठेवला असे ऐकते. फोटो म्हणे बरे येतात.

मित्रांनो, माझी गोष्ट एवढीच. तुम्हीही मोठे व्हाल आणि लहानपणी मागितलेली एखादी गोष्ट उशिरा हाताला लागेल. ती नकोशी वाटली, तर लगेच तिला किंवा स्वतःला बोल लावू नका. कदाचित तुम्ही चुकीच्या जागी बसला असाल. जरा उतरा, दुसऱ्या कुणाला तरी चालवू द्या आणि लांबून बघा. आणि जुन्या गाड्यांवर जाड कापड टाकून त्यांची काळजी घेतली असे समजू नका. तेलपाणी करा, टायरमध्ये हवा भरा आणि आठवड्यातून एकदा तरी बाहेर काढा. आम्ही चालून चालून झिजतो त्याचे आम्हाला काही वाटत नाही, उभ्या उभ्या गंजतो त्याचे वाटते.

असो. आज रविवार आहे. बाई किल्ली घेऊन आल्या आहेत, आणि मास्तर घडीची खुर्ची काखेत मारून केव्हाच वळणावर जाऊन बसले आहेत. आता तुम्ही सगळे जरा बाजूला व्हा बघू. तुमच्यामुळे त्यांना रस्ता दिसत नाही.