रुद्राणीची फ्लॉपी

गेवराईच्या गुंडप्पा वाण्यांची रुद्राणी औरंगाबादेत कॉम्प्युटर शिकून गावी परतली होती. हायवेवर नेहमी अपघात व्हायचे आणि रक्त लागलं की नातेवाइकांची त्रेधा उडायची. ते पाहून तिनं डॉक्टर केदारनाथांच्या दवाखान्यासाठी प्रोग्राम लिहिला. रक्तगट टाकला की तालुक्यात देणारं कोण, राहतं कुठं, सगळं समोर. चारशे बारा नावं तिनं एकटीनं जमवली, कपिलधारच्या यात्रेतसुद्धा माणसं थांबवून.

नव्व्याण्णवच्या मार्चात डॉक्टरांच्या भाच्यानं, पप्पूनं, पुण्याहून अँटिव्हायरस आणून बसवला. त्यानं पहिल्याच दिवशी रुद्राणीचा प्रोग्राम व्हायरस ठरवून पुसून टाकला.

डॉक्टरांनी तिला भरल्या दवाखान्यात झापलं. "माझ्या मशीनला रोग लावलास! दुकानात पुड्या बांधायच्या सोडून हे कुणी सांगितलं?"

बाकावरचे पेशंट हसले. तिचे कान तापले.

"तपासल्याबिगर काहून बोलता, डॉक्टर?"

"मशीन खोटं बोलत न्हाई," पप्पू म्हणाला.

घरी गुंडप्पा म्हणाले, "जाऊ दे, मोठी माणसं हायती." तिनं ताट सरकवलं.

दुसऱ्या दिवशी गावातल्या कॉम्प्युटर क्लासातलं एक मशीन तिनं पुरतं पुसलं, कोऱ्या फ्लॉपीवर प्रोग्राम नव्यानं तयार केला. पप्पूचा अँटिव्हायरस त्यावर चढवला, तर तो पुन्हा ओरडला. म्हणजे बाहेरून काही आलंच नव्हतं! मग ती एकेक तुकडा काढून बघत गेली. संध्याकाळी सापडलं. यादी थेट डिस्कवर लिहिणाऱ्या बारा ओळी होत्या. व्हायरसही तसाच लिहितो, एवढाच त्यांचा गुन्हा.

"मग बदल की त्या ओळी. मिटलं," तिनं दवाखान्यात येऊन सांगितल्यावर पप्पू म्हणाला.

"बदलल्या तर मीच कबूल केल्यासारखं हुईल. चोर सोडून संन्याशाला फाशी, अन् वर संन्याशानंच दाढी काढायची?"

तिनं फ्लॉपी आणि चार पानी पत्र अँटिव्हायरसच्या कंपनीला रजिस्टर पोस्टानं धाडलं. वीस दिवसांनी उत्तर आलं. प्रोग्राममध्ये व्हायरस नाही, चूक आमच्या सॉफ्टवेअरची, पुढच्या फ्लॉपीत दुरुस्ती करू.

डॉक्टरांनी केबिनमध्ये ते वाचून घडी घातली. "बरं झालं. बसव परत."

"बाहेर वाचा, डॉक्टर."

"काय?"

"रोग लावला म्हणून चारचौघांत बोललात. निर्दोष हाय, ते दार लावून?"

"पेशंट ताटकळलेत, पोरी."

तिनं कागद उचलला, बाकांसमोर उभी राहिली आणि पहिल्या ओळीपासून सहीपर्यंत वाचला. आवाज थरथरत होता, पण थांबला नाही. झाडलोट करणाऱ्या छबुबाई दारातून म्हणाल्या, "परत वाच गं, मला न्हाई ऐकू आलं."

तिनं परत वाचला, मोठ्यानं. केबिनचं दार बंदच राहिलं.

मग तिनं अँटिव्हायरस बंद करून प्रोग्राम बसवला. रक्त कुणाच्या मानापानासाठी थांबत नाही. पप्पूनं चहा आणून ठेवला. तिनं चहाला हात लावला नाही.