मिस्त्रीचा प्रेगो

भिवपुरीला विजेच्या कारखान्याचं काम चाललं होतं, तेव्हाची गोष्ट. डोंगरावरून पाणी आणायचे नळ एवढे मोठे, की माणूस आतून चालत जाई. ते जोडायला इटलीचा एक मिस्त्री आला होता. ठाकरवाडीतली ठमी त्याच्याकडे पाणी भरायची.

ती दारात थबकली की तो म्हणे, "प्रेगो." तिनं हंडा उतरवला, की "प्रेगो." पाव हातावर ठेवताना "प्रेगो", तिनं हात जोडले, तरी "प्रेगो."

ठमीच्या मनात पाल चुकचुकली. देताना तेच आणि घेतानाही तेच बोलणारा माणूस सरळ कसा असेल? हा मंतरच. त्यात वाडीत कुजबुज होतीच, माणसाचा बळी घेतल्याशिवाय एवढं लोखंड डोंगरावर टिकायचं नाय. तिनं पाव कुत्र्याला घातला आणि दोन दिवस कुत्र्यावर नजर ठेवली. त्याला काही झालं नाही. तरी तिचा संशय जाईना.

एका सकाळी ती कामावर पाणी घेऊन गेली, तर मिस्त्री नळाच्या तोंडाशी बाजूला सरून उभा. आतल्या काळोखाकडे हात करून तिथंच मजुरी करणाऱ्या तिच्या नवऱ्याला, चांगोला, म्हणतोय, "प्रेगो."

ठमीनं हंडा टाकला आणि चांगोचं मनगट धरलं. "नाय जायचं! बळी द्यायला नेतोय तुला."

मिस्त्रीची न्याहारी घेऊन आलेला खानसामा मोहियुद्दीन हसला. तो पूर्वी जहाजावर खलाशी होता. "अगं, इटलीतल्या जिनोवा बंदरात दिवसभर हाच शब्द ऐकलाय मी. या, घ्या, बसा, असू द्या, सगळ्याला एकच. आता म्हणतोय, आधी तू जा. मान देतोय."

"ठाकराला मान?" ठमी म्हणाली. जंगलखात्याचा शिपाईसुद्धा कधी चांगोसाठी वाटेतून सरला नव्हता. "बोकडालाबी आधी हळद-कुंकू लावतात, मोहियुद्दीनभाय."



ठमी मिस्त्रीसमोर गेली. नळाकडे हात करून तिनं ठणकावून म्हटलं, "प्रेगो."

त्यानं टोपी काढली. मग किंचित लवला, कंदील उचलला आणि आत शिरला. चांगो त्याच्या मागून गेला.

ठमी दगडावर बसली ती दुपारपर्यंत हलली नाही. दोघे गंजानं माखून बाहेर आले, तेव्हा तिनं चांगोचे हातपाय चाचपून पाहिले.

"आत काय केलं त्यानं?"

"काय नाय. माझ्याकडं पाठ करून सांधे ठोकत व्हता."

"मग उद्याबी मागंच राहा," ठमी म्हणाली. "फुडं होऊ नको."