डाव्या हाताची पिंजणी

मित्रांनो, मी लोकर पिंजायची एक जुनी पिंजणी आहे. मेंढीच्या अंगावरून कातरलेली लोकर गुंत्याची असते. तिच्यात कुसळं असतात, माती असते. ती माझ्या दातांतून फिरली की मोकळी होते. मग तिचं सूत निघतं आणि सुताचं घोंगडं होतं. तुमच्यातल्या काहींनी घोंगडं पाहिलं असेल, पण मला पाहिलं नसेल. मी बाजारात मिळत नाही. मला एका माणसाने आपल्या बायकोसाठी घरी बनवलं.

त्या माणसाचं नाव नाथाजी. ते सांगलीला एका कारखान्यात फिटर होते. निवृत्त झाल्यावर म्हसवडजवळच्या आपल्या गावी आले आणि घरामागे पत्र्याचं शेड घालून बसले. गावातले बिघडलेले पंप त्यांच्याकडे येत. त्यांची बायको मनुबाई लोकर पिंजायची आणि कातायची. पिंजायला तिच्याकडे जुनी धनुकली होती, तात म्हणजे चिवट दोरी ताणलेलं धनुष्य. तिची तात ओढून ओढून मनुबाईचा खांदा धरला. विंचरायला हात डोक्यापर्यंत जाईना. शेजारच्या घरातली सून सोनिया तिची वेणी घालून देऊ लागली. नाथाजींनी एके दिवशी ते पाहिलं. शेडमध्ये गेले आणि माझं काम सुरू झालं.

माझे दोन्ही रूळ बाभळीचे आहेत, एक मोठा, एक लहान. त्यांच्यावर पिठाच्या गिरणीचा जुना पट्टा ताणून बसवला आहे. सायकलच्या ब्रेकची तार उकलून नाथाजींनी तिचे बारीक तुकडे केले, एकेक वाकवून पट्ट्यात रोवले. तेच माझे दात. फिरवायला सायकलचीच साखळी आणि लाकडी मुठीचा लोखंडी दांडा आहे. मला अंगणात मांडलं तेव्हा नाथाजी नव्या नवऱ्यासारखे अवघडून उभे होते.

"बस आता," ते म्हणाले.

मनुबाई बसली. तिने दांड्याकडे बघितलं, मग नवऱ्याकडे.

"दांडा कुणासाठी बसवलाय?"

"तुज्यासाठी. आन् कुणासाठी?"

"मी डावरी हाय."

नाथाजी उजवीकडच्या दांड्याकडे बघू लागले.

"इतकी वर्सं माज्या हातचं खाल्लं, पर हात कंचा त्ये न्हाई बघितलं," मनुबाई म्हणाली. "साऱ्या गावच्या पंपाची मापं घेतली, माजंच तेवढं ऱ्हायलं."

सोनिया पदरात तोंड घालून हसली. नाथाजीही हसले. मग त्यांनी सुतळी आणली, मनुबाईच्या डाव्या मुठीभोवती गुंडाळली आणि माप धरून गाठ मारली. त्या मापाची मूठ तासली. दांडा उजवीकडून कापून डावीकडे नेला आणि वेल्डिंग करून कायमचा पक्का केला. ती सुतळी तेव्हापासून शेडमधल्या खिळ्यावर आहे.

मित्रांनो, त्यानंतरचे दिवस सुखाचे होते. मनुबाई डाव्या हाताने दांडा फिरवायची आणि उजव्या हाताने लोकर घालायची. खांदा दुखायचा थांबला. सिद्धनाथाच्या यात्रेला आलेले पाहुणे मला बघून जायचे. ती त्यांना सांगायची, "आमच्या फिटरनं केलीया. एकदा चुकलं, पर केली." तिच्या हाताने मुठीचं लाकूड गुळगुळीत झालं.

तिचा एक नियम होता. उठण्याआधी ती माझे दात साफ करायची. सोनिया तिच्याकडे शिकायला बसायची, तिलाही ती हेच सांगायची. "दातात लोकर ठिवून उठायचं न्हाई, पोरी. कसर लागती." कसर म्हणजे लोकर खाणारी बारीक अळी. शेडमध्ये पंपाशी झटापट करणाऱ्या नाथाजींनी हे कधी ऐकलं नाही.

मागच्या वर्षी तिच्या भावाने, बिरदेवने, काळ्या कोकरांचं जावळ आणलं. कोकराची पहिली लोकर म्हणजे जावळ. ती फार मऊ असते, आणि एका कोकराची एकदाच निघते. मनुबाईने ती गालाला लावून बघितली.

"ह्ये इकायचं न्हाई," ती नवऱ्याला म्हणाली. "जलमभर कारखान्याच्या ब्लँकेटात झोपला. ह्ये तुमच्या अंगावर घालायचं."

"माज्या अंगाला काय झालंय?"

"ब्लँकेटाचा वास येतूय."

ते जावळ ती रोज थोडं थोडं पिंजत होती. एका सकाळी ती मध्येच थांबली. म्हणाली, "जरा पाठ टेकते." दांडा सोडला आणि आत गेली. माझ्या दातांत जावळ तसंच राहिलं. ती असं कधी करत नसे. दुपारी तिला साताऱ्याला नेलं. तिला परत आणलं ते पांढऱ्या चादरीत झाकून.

नाथाजींनी मला अंगणातून उचलून शेडमध्ये आणलं. माझ्या दातांतल्या लोकरीला त्यांनी बोट लावलं नाही. शेजारी पिंजलेल्या लोकरीची टोपली ठेवली आणि दोघींवर बारदान घातलं. तिने ठेवलं तसंच ठेवायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. त्यात तिच्यावरची माया होती, हे मला कळत होतं.

काही दिवसांनी नाथाजी शेडमध्ये असताना सोनिया आली. बारदान बाजूला करून बसली. तिने डाव्या हाताने दांडा फिरवून पाहिला. तिचा तो हात त्या कामाचा नव्हता. रूळ धक्के खाऊ लागला, लोकरीचा गोळा झाला.

"तात्या, दांडा उजवीकडं घेता ईल का? म्या पुरं करते काकीचं."

"न्हाई."

"आवं, तुमीच तर एकदा—"

"त्यो तिच्या हाताचा हाय. हलायचा न्हाई. ऊठ तू."

ती उठली. बारदान पुन्हा माझ्यावर आलं.

उन्हाळ्यात कसर लागली. आधी कसरीचा एक पांढरा पतंग बारदानाच्या भोकातून आत आला आणि अंडी घालून गेला. मग दातांच्या मुळाशी काहीतरी वळवळू लागलं. मित्रांनो, मला दात आहेत, पण मला चावता येत नाही. मनुबाईच्या हातची शेवटची लोकर माझ्याच तोंडात खाल्ली जात होती आणि मी ती घट्ट धरून बसले होते. सोडताही येईना, वाचवताही येईना. नाथाजी रोज शेडमध्ये येत. माझ्या शेजारी स्टुलावर बसत. बारदानावर हात ठेवत. त्यांचा हात आणि ती अळी यांच्यात एका बारदानाचं अंतर होतं. उचला, मी म्हणत होते. एकदा उचला. ते हात फिरवून निघून जात.

काल सोनिया काहीतरी मागायला शेडच्या दाराशी आली. तिने बारदानावरून पतंग उडताना पाहिला. तिने विचारलं नाही. सरळ येऊन बारदान ओढलं. पतंगांचा एक लोट उठला. माझा मोठा रूळ मध्येच उघडा पडला होता, खालचा पट्टा दिसत होता. टोपलीत हात घातला तर बोटांना भुसा लागला.

नाथाजी शेजारच्या स्टुलावरच होते. ते म्हणाले, "म्या तर झाकून ठिवलं व्हतं."

"काकी दातात कवा ठिवत नसायच्या, तात्या. कसर लागती म्हनायच्या."

"मला कुठं म्हनली?"

सोनिया टोपली घेऊन अंगणात गेली आणि लोकर उन्हात पसरू लागली. बिरदेवला बोलावलं. त्याने चिमटीत धरून पाहिली. "घोंगडं न्हाई व्हायचं, दाजी," तो म्हणाला. "खांद्यावर घेन्यापुरतं निघंल. त्ये बी लगीच पिंजली तर."

मग नाथाजींनी लोखंड कापायची करवत घेतली. मनुबाईच्या मुठीचा दांडा त्यांनी डाव्या हातात धरला आणि उजव्या हाताने वेल्डिंग कापलं. कापताना ते दोनदा थांबले. दांडा सुटला तेव्हा तो कुठे ठेवावा हे त्यांना कळेना. शेवटी काखेत धरला. खिळ्यावरची सुतळी काढली.

"सोनिया, हात दाव."

तिने उजवी मूठ पुढे केली. त्यांनी सुतळी गुंडाळली आणि पहिल्या गाठीच्या थोडं अलीकडे दुसरी गाठ मारली. पहिली सोडली नाही.

मित्रांनो, आज मी दांड्याशिवाय उभी आहे. नवी मूठ तासून झाली आहे, पण वेल्डिंगला सकाळपासून वीज नाही. माझ्या पट्ट्याखाली अजून अळ्या आहेत, त्या थांबलेल्या नाहीत. तुमच्या घरी कुणाच्या हातचं काही झाकून ठेवलं असेल, तर माझं एवढं ऐका. वर्षश्राद्धाची वाट बघू नका. आज उघडा, उन्हात घाला, वापरा. आणि तुमच्यापैकी कुणी आमच्या वाटेने येत असेल, तर येता येता नाथाजींना सांगा, वीज आली की आधी मला घ्या. जावळ थोडंच राहिलं आहे.