तीन हजार सहाशे मीटरवरची प्लेट

छापखान्यातल्या फळीवर एकेकोची मूर्ती आहे. मिशीवाला, तोंड उघडं, अंगभर पोती आणि भांडी लटकवलेला आमचा भरभराटीचा देव. त्याच्या शेजारी त्या वर्षी काड्यापेटीएवढं एक पत्र्याचं यंत्र आलं. छापखाना चालवणाऱ्या माझ्या सातुर्निनोकाकांनी ते अलासितासच्या जत्रेतून आणलं होतं. आमच्या ला पाझमध्ये चोवीस जानेवारीला, दुपारी बाराच्या ठोक्याला, माणसं वर्षभरात जे हवं ते इवलंसं करून विकत घेतात आणि त्याला धूप दाखवून घेतात. कुणी घर घेतं, कुणी मोटार, कुणी पदवीचा कागद. काकांनी कारागिराला कंपनीचं माहितीपत्रक देऊन हवं ते यंत्र हुबेहूब करून घेतलं होतं, बटणांसकट.

ते यंत्र संगणकावरून थेट छपाईची प्लेट काढणारं होतं. आम्ही तोवर फिल्म काढायचो आणि उस्ताद एवारिस्तो काचेच्या टेबलावर वाकून ती प्लेटवर जुळवायचे. ऑगस्टमध्ये फिल्मवाल्याने कळवलं, शेवटच्या सहा पेट्या राहिल्यात, पुढे माल येणार नाही. सहा पेट्या फार तर डिसेंबरपर्यंत पुरल्या असत्या. आणि जानेवारीत आमचं वर्षातलं सगळ्यात मोठं काम असतं: जत्रेत विकलं जाणारं तळहाताएवढं वर्तमानपत्र, थट्टेच्या बातम्यांचं. एकतीस वर्षं ते आमच्याकडेच छापलं जातंय. एकदा चुकलं की ते दुसऱ्याकडे जाणार आणि परत येणार नाही, हे छापखान्यातल्या सातही जणांना माहीत होतं.

"नील्दा, तू रसायनशास्त्र शिकलीस, यंत्र तू निवड," काका म्हणाले. मग फळीकडे बोट दाखवून म्हणाले, "फक्त हेच निवड."

सप्टेंबरमध्ये आम्ही दोघं यंत्र बघायला विमानाने खाली सांता क्रूसला गेलो. तिथल्या विक्रेत्याचे इंजिनियर हुस्तिनियानो घामाघूम काकांकडे बघून म्हणाले, "स्वेटर काढा हो, डोंगरवाले! इथे कुणी तुमचा स्वेटर पळवत नाही."

"काढला तर परत चढवताना मला विसराल इथेच," काका म्हणाले. ते खुशीत होते.

यंत्र खरोखर सुंदर होतं. ॲल्युमिनियमचा पत्रा एका ड्रमवर बाहेरून गुंडाळला जायचा, पंप ड्रमच्या भोकांतून हवा ओढायचा, ड्रम गरगर फिरायचा आणि लेझर त्यावर अक्षरं उमटवायचा. मी चाचणीसाठी आमच्या छोट्या वर्तमानपत्राचं गेल्या वर्षीचं पान नेलं होतं. निघालेली प्लेट भिंगाखाली धरली. मधल्या कॉलममधलं सगळ्यात बारीक अक्षरही स्वच्छ होतं. काकांनी मला विचारलंसुद्धा नाही. त्यांनी सही करायला खिशातून पेन काढलं.

तेवढ्यात माझं लक्ष माझ्या पाण्याच्या बाटलीकडे गेलं. अर्धी पिऊन मी ती वर, विमानतळावर घट्ट बंद केली होती. आता ती टेबलावर कुणीतरी मुठीत आवळल्यासारखी चेपलेली उभी होती.

"इंजिनियरसाहेब," मी विचारलं, "पत्रा ड्रमला कशाने चिकटून राहतो?"

"हवेने. आतली हवा पंप ओढतो, बाहेरची पत्र्याला दाबून धरते."

"आणि बाहेरची हवाच विरळ असली तर?"

ते हसले. "बाई, हवा ती हवा."

मी बाटली त्यांच्यापुढे सरकवली. "ही आमच्याकडची हवा. तुमच्या हवेने तिचं हे केलं."

काकांनी पेन तसंच हातात धरलं होतं. मी म्हटलं, एवढंच लिहून द्या, तीन हजार सहाशे मीटरवर पत्रा मधोमध फुगणार नाही. इंजिनियरसाहेब म्हणाले, असं आजवर कुणी मागितलेलं नाही. मग मी यंत्राचं पुस्तक मागून घेतलं. शेवटून दुसऱ्या पानावर बारीक अक्षरात होतं: दोन हजार मीटरपर्यंत.

परतीच्या विमानात काका खिडकीकडे तोंड करून बसले. घरी आल्यावर म्हणाले, "यंत्राचं डोकं दुखतं का उंचीवर? दुखलं तर कोकाचा चहा पाजू त्याला."

त्यांचंही चूक नव्हतं. उंची खालून आलेल्यांना लागते. आम्ही जन्मापासून इथेच, त्यामुळे आपण उंचावर राहतो हे आमच्या लक्षातच राहत नाही. बटाटे शिजायला वेळ लागतो तेव्हा आम्ही बटाट्यांना नावं ठेवतो. माहितीपत्रक बघताना, पत्र्याचं यंत्र घडवून घेताना, त्याला धूप दाखवताना हा प्रश्न काकांना सुचला नाही, आणि खरं सांगायचं तर बाटली नसती तर मलाही सुचला नसता.

पण माझ्याकडे तरी काय होतं? एक चेपलेली बाटली, पुस्तकातली एक ओळ आणि एक गणित. आमच्याकडे हवेचा दाब सांता क्रूसच्या जेमतेम दोन-तृतीयांश. तेवढा पुरेल की नाही, हे गणितातून नक्की निघत नव्हतं. मी नको म्हणावं आणि यंत्र चांगलं असावं, तर काकांचं स्वप्न मी फुकट मोडलं. मी हो म्हणावं आणि पत्रा फुगावा, तर जानेवारी गेला. हे बसल्या जागी कळणार नव्हतं. साडेतीन हजार मीटरच्या वर असलेल्या छापखान्यांना मी फोन करत सुटले. एल आल्तो, पोतोसी, ओरुरो. अकराव्या फोनवर ओरुरोच्या छापखान्याच्या मालकीणबाई, दोन्या कास्ता विल्का, म्हणाल्या, "ते होय? आहे की माझ्याकडे. या बघायला. काकांनाही आणा, एकट्याने रडू नये माणसाने."

बसने चार तास. दोन्या कास्तांनी आधी जांभळ्या मक्याचं गरम पेय, आपी, आणि तळलेली पुरी पुढे ठेवली, मग आम्हाला मागच्या खोलीत नेलं. भिंतीशी एक मोठं टेबल होतं, त्यावर फुलांचं मेणकापड, कागदांचे गठ्ठे. त्यांनी मेणकापडाचं टोक उचललं. खाली फळीवरचंच यंत्र होतं, खऱ्या आकाराचं.

"तीन महिने नुसतं ठणाणा करत होतं. पत्रा पकडलाच जात नाही म्हणे. मग कंपनीच्या माणसाने त्याची घंटा बंद केली. घंटा गप्प झाली, पण पत्रा मधोमध उचललेलाच. कडेची अक्षरं छान, मधली सगळी धूसर. आता टेबल म्हणून फार उत्तम आहे, दादा. अजिबात हलत नाही."

काकांनी यंत्राच्या बटणांवरून एकदा हात फिरवला.

पुढच्या खोलीत, साध्या उजेडाने प्लेट बिघडू नये म्हणून लावलेल्या पिवळ्या दिव्याखाली, दुसरं यंत्र चालू होतं. जुन्या घडणीचं, हळू, दिसायला शवपेटीसारखं. त्यात पत्रा बाहेरून गुंडाळलेला नव्हता. अर्ध्या पिंपासारख्या पन्हाळीत तो आतून वाकवून बसवला होता, आणि फिरत होता तो फक्त लेझरचा आरसा. मी जवळच्या गठ्ठ्यातून एक कार्ड उचललं, शाईच्या एका रिकाम्या डब्याच्या बाहेरून गुंडाळून सोडलं. ते सुटून उघडलं. मग तेच आतून बसवलं. कार्ड आपणहून डब्याच्या भिंतीला टेकून राहिलं.

"हे बघा, काका," मी म्हटलं. "बाहेर असलं की ते पळायला बघतं. आत बसवलं की स्वतःच धरून राहतं. पंप थोडा कमी पडला तरी चालेल."

काकांनी कार्ड माझ्या हातून घेतलं आणि दोन्ही गोष्टी स्वतः करून पाहिल्या. दोनदा. आम्ही नेलेल्या पानाची प्लेट निघाली. मी मधला कॉलम भिंगाखाली पाहिला आणि भिंग त्यांच्याकडे दिलं. बराच वेळ ते वाकून होते.

"स्वच्छ आहे," ते म्हणाले. मग अगदी हळू आवाजात, "पण मी त्याच्याकडे दुसरंच मागितलंय. धूप दाखवून. आता एकेकोला काय तोंड दाखवू?"

दोन्या कास्ता खो खो हसल्या. "अहो दादा, मी दोन मजल्यांचं घर मागितलं होतं, एकच मजला मिळाला आणि वर एक जावई मिळाला. तो देव आहे, पोस्टमन नाही. एकेको माहितीपत्रकं वाचत नाही!"

काकांचे खांदे हलायला लागले. हसत हसत त्यांनी उरलेली पुरी माझ्या ताटलीतून उचलून खाल्ली.

तसलंच यंत्र डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्याकडे आलं. खिडक्यांना पिवळा कागद लावला. काकांना यंत्रावर दारू शिंपडून त्याची रीतसर चाया, म्हणजे आमच्याकडची पूजा, करायची होती. मी म्हटलं, यंत्रावर नाही, चारी पायांपाशी जमिनीवर. त्यांनी ऐकलं. रंगीत कागदाचे तुकडे मात्र माझी पाठ वळल्यावर उधळले, आणि मी ते दोन दिवस चिमट्याने वेचत होते.

छोट्या वर्तमानपत्राची पहिली प्लेट उस्ताद एवारिस्तोंनी काढली. आता फिल्म जुळवण्याऐवजी ते पानं संगणकावर जुळवतात आणि वाकावं लागत नाही म्हणून खूश आहेत. त्यांनी भिंग बरोबर मधोमध ठेवलं आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. बातमी अशी होती, की नगरपालिकेने चढ रद्द केले असून यापुढे शहरात फक्त उतार राहतील. ते पूर्णविरामापर्यंत अडखळले नाहीत.

"झालं?" काकांनी दारातून विचारलं.

"झालं," उस्ताद म्हणाले.

मी बाहेर पायरीवर जाऊन बसले. कोपऱ्यावर साल्तेन्या, म्हणजे सारण भरलेल्या भाजक्या करंज्या, विकणारी बाई टोपली झाकून निघायच्या बेतात होती. मी तिला हाक मारली आणि आम्हा सातजणांसाठी सात घेतल्या. मग आठवून आणखी एक मागितली, फळीवरच्या एकेकोसाठी.