तिठ्यावरचा तिसरा हात

मी एक जुना खांब आहे, लोखंडी, वाट दाखवणारा. मला एक पाय आहे, तीन हात आहेत आणि तोंड नाही. मित्रांनो, हसू नका. तोंड असतं तर पुढचं काही घडलंच नसतं.

रावेरहून सातपुड्याकडे निघालात की आधी केळीचे मळे लागतात, मग कपाशीची रानं, आणि मग नुसता मुरूम. तो मुरूम सुरू होतो त्या तिठ्यावर मी उभा आहे. माझा पहिला हात दक्षिणेला, रावेरकडे. दुसरा उत्तरेला, डोंगरातल्या निंबापाणी पाड्याकडे. तिसरा पूर्वेला. तिकडे पूर्वी एक गाव होतं. आता कागदोपत्री त्याला बेचिराख म्हणतात, म्हणजे जिथे एकही दिवा लागत नाही असं गाव. पहिल्या दोन हातांना अधूनमधून रंग मिळतो. तिसऱ्याला कोण विचारतो? त्याच्यावरचं नाव केव्हाच गळून पडलं. ते काय होतं हे मलाही ठाऊक नाही, कारण स्वतःच्या हातावरची अक्षरं मला वाचता येत नाहीत.

भुसावळच्या एका वेल्डिंगच्या दुकानात माझा जन्म झाला. मला इथे पुरलं तेव्हा मुकादम माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "हा गडी मरेपर्यंत खोटं बोलायचा नाही." त्या एका शाबासकीवर मी किती उन्हाळे काढले म्हणून सांगू!

उभ्या उभ्या मी माणसांचं बोलणं शिकलो. आणि खरं सांगतो, वाट सांगण्याइतका गोंधळ माणसं दुसऱ्या कशातच घालत नाहीत. शहरातला माणूस म्हणतो डावीकडे वळा. कोणाच्या डावीकडे, बाबा? तुझ्या, माझ्या, की समोरून येणाऱ्याच्या? म्हातारी माणसं म्हणतात, जेवत्या हाताला जा. एक ट्रकवाला हिंदीत सांगून गेला, "सीधे हाथ पे मुड़ना." त्याच्या हिंदीत सीधा हात म्हणजे उजवा. ऐकणारा आपला मराठी, तो नाकासमोर सरळ गेला आणि संध्याकाळी शिव्या घालत परत आला. पारोळ्याकडचा एक मेंढपाळ तर थेट मलाच विचारायचा, "हाई वाट कथा जास, भाऊ?" वाट कुठे जाते, असं. अरे, वाट कुठेच जात नाही, जायचं असतं ते तुला! पण मला भाऊ म्हणणारा तो एकटाच, म्हणून मी त्याला माफ केलं.

एकदा जगदीश गुरुजी शाळेची सहल घेऊन आले. त्यांनी मुलांना उगवतीकडे तोंड करून उभं केलं. म्हणाले, "बघा, जुन्या लोकांनी दिशांची नावं अशी उभं राहून ठेवली. पूर्व म्हणजे पुढची. पश्चिम म्हणजे मागची. दक्षिण म्हणजे उजव्या हाताची. आणि उत्तर म्हणजे वरची, उंचावरची." एका मुलीनं विचारलं, "गुरुजी, उत्तर म्हणजे जबाब पण ना?" गुरुजी हसले. म्हणाले, "हो. विचारलं की जे मिळतं ते उत्तर." जाता जाता त्यांनी आणखी एक सांगितलं. मे महिन्याच्या शेवटी एक दिवस असा येतो की भर दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर असतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखाली नाहीशी होते.

हे मला सांगायला नको होतं. तो दिवस मी दर वर्षी भोगतो. सावली आहे तोवर मला कळतं, मी कुठे उभा आहे. ती गेली की काही क्षण माझे तिन्ही हात कुठल्याच दिशेला नसतात. त्या वेळी वारा पडतो, पाखरू बोलत नाही, आणि आपल्याला कोणीतरी उलट्या बाजूनं बघतंय असं वाटत राहतं. मला भीती वाटते. खांब असलो म्हणून काय झालं?

दोन वर्षांपूर्वी त्याच दिवशी, त्याच वेळी रेशमा आली. निंबापाणीच्या फत्तेसिंगची आठ वर्षांची पोर. वर्षभर आश्रमशाळेत असते, सुट्टीत घरी येते. मैत्रिणींबरोबर चारोळी वेचायला खाली उतरली होती. काहीतरी बिनसलं आणि ही बया रुसून एकटीच परत निघाली. उन्हाच्या झळांत डोंगर दिसेनासा झाला होता. तिच्या आईनं, उषानं, तिला एक खूण शिकवलेली. भर दुपारी आपली सावली डोंगराकडे डोकं करते, तिच्या मागं चालत राहा, घर येतं. एरवी ही खूण चुकत नाही.

पोरीनं पाण्याची बाटली माझ्या पायाशी ठेवली आणि सावली शोधायला लागली. स्वतःभोवती एक गिरकी घेतली, दुसरी घेतली. पाय उचलून खाली बघितलं. सावली नव्हतीच. मग मान वर करून तिनं आपल्या घरच्या बोलीत मला विचारलं, घर कुठं आहे?

आणि माझा तिसरा हात करकरला.

मित्रांनो, शपथेवर सांगतो, मी तो हलवला नाही. पान हलत नव्हतं. त्या हाताचा नटबोल्ट गंजून एकजीव झालेला आहे. पण तो करकरला, अगदी कोणी धरून वळवावा तसा. पोर खुदकन हसली. खांबानं उत्तर दिलं असं तिला वाटलं. माझं उत्तर निघालं पूर्वेला! ती तिकडे चालायला लागली आणि बाटली माझ्या पायाशीच राहिली. मी मनातल्या मनात ओरडत होतो, अगं थांब, ती वाट घरची नव्हे. माझ्या ओरडण्याला विचारतो कोण?

तेवढ्यात पितांबर नाना मोटरसायकलवरून गेले. ते तापीकाठचे केळीवाले. उद्या घड कापायला या, असं फत्तेसिंगला सांगायला पाड्यावर गेले होते, ते परत चालले होते. त्यांनी पोरीला लांबून पाठमोरी पाहिलं आणि ते रावेरकडे निघून गेले.

तासाभरानं फत्तेसिंग आणि उषा धावत आले. बाकीच्या पोरी घरी पोचल्या होत्या, रेशमा नव्हती. उषानं बाटली उचलली. ती भरलेली होती. म्हणजे पोर त्या उन्हात पाण्याशिवाय फिरत होती, आणि रावेरचं मे महिन्याचं ऊन काय असतं हे तुम्हाला सांगायला नको. फत्तेसिंगनं नानांना फोन लावला आणि आवाज मोठा केला.

"नाना, वाटेत माझी रेशमा दिसली का?"

"दिसली ना रे भो! सोताच्या डोयानं पाह्यली. त्या खांबापाशी होती. वर गेली ते."

आणि फोन तुटला. रेंज गेली.

फत्तेसिंग डोंगरातला माणूस. त्याचं वर म्हणजे डोंगर. तो वहाणा हातात घेऊन उत्तरेला पळत सुटला. उषा मात्र जागची हलली नाही. ती माझ्या बुंध्याला टेकून खाली बसली आणि तिचे दात वाजायला लागले, त्या उन्हात. मग ती एकटीच बोलायला लागली.

"बापाच्या वेळेलाबी असंच म्हणले. दवाखान्यात विचारलं, माझा बाप कुठं, तर म्हणले, म्हातारा वर गेला. मी जिना चढून वर गेली. सगळ्या खाटा पाहिल्या. बाप नव्हता. मग एका बाईनं सांगितलं, वर गेला म्हणजे मेला." तिनं बाटली पोटाशी धरली. "आता पोरगीबी वर गेली म्हणतात."

माझ्या जन्मात मी इतका लाचार कधी झालो नव्हतो. पोर पूर्वेला आहे हे त्या तिठ्यावर फक्त मला ठाऊक होतं. मी सगळा जीव तिसऱ्या हातात आणला. हल मेल्या, म्हटलं, आत्ता हल, मघाशी नको तेव्हा हललास ना? तो ढिम्म. तेव्हा मला कळलं, मघाशी तो मी हलवला नव्हता तर दुसऱ्या कोणीतरी हलवला होता.

तीन वाजत आले. फत्तेसिंग एकटाच परत आला. त्याच वेळी नानांची मोटरसायकल दिसली. त्यांच्या मनाला चैन पडेना म्हणून ते उलट आले होते.

"सापडली का रे पोर?"

"कुठं सापडली, नाना! पार वरपर्यंत जाऊन आलो."

"मंग दिसली कशी नाही? वरच गेली म्हन्लं ना मी तुले!"

"वरच गेलतो मी!"

दोघं एकमेकांवर ओरडत होते आणि दोघंही खरं बोलत होते. इकडे वेळ चालला होता. उषा उठली, दोघांच्या मधे आली आणि म्हणाली, "नाना, तोंडानं नका सांगू. हात करा."

नानांनी हात वर केला. तो पूर्वेला गेला, माझ्या तिसऱ्या हाताच्या बरोब्बर खाली, त्याच रेषेत. म्हणाले, "हे काय, वर. बऱ्हानपुराकडे. तापी येते तिकून ते वर, अन् जाते तिकडे खाले, भुसावयाकडे. आमी जल्मापासून असंच म्हनतो." बोलता बोलता त्यांचा आवाज बारीक झाला. "पन तिकडे तं गावच नाही रे आता."

एकाच शब्दाचे तिघांच्या मनात तीन अर्थ होते. माणसं अशा वेळी चकवा लागला म्हणतात. समोर असतात तोवर त्यांचं बरं चालतं, कारण तोंड चुकलं तरी हात बोलतो. फोनवर हात कोणाला दिसणार?

तिघं तिकडे धावले. चार वाजून गेल्यावर परत आले. माझी सावली तोवर परत आली होती आणि तिसऱ्या हाताखाली लांब पडली होती. रेशमा बापाच्या खांद्यावर होती. जिवंत होती! ओठ फुटलेले, अंग तापलेलं, पण डोळे उघडे. मला इतका आनंद झाला की काय सांगू. उषानं माझ्या पायाशी बसून तिला घोट घोट पाणी पाजलं. नानांनी गाडीच्या पिशवीतला कांदा फोडून तिच्या तळपायांना चोळला.

"बाई, तू इकडं गेलीच कशी?" उषानं विचारलं.

पोरीनं माझ्याकडे बोट केलं. "त्यानं हात हलवला."

मग ती म्हणाली, "तिथं लय माणसं होती. विहिरीपाशी. मी घर विचारलं, तर सगळी एकदम सांगायला लागली. कोणी म्हणे पुढं, कोणी मागं. कोणी वर, कोणी खाली. वेगवेगळ्या भाषेत. मला काहीच कळेना."

"मग हात करून दाखवा म्हणायचं," फत्तेसिंग म्हणाला.

"म्हणलं. पण त्यांना हात नव्हते."

नाना म्हणाले, "ऊन लागलं पोरीले," आणि त्यांनी गाडीला किक मारली.

जूनमध्ये वना पेंटर मला रंगवायला आला. त्यानं तिसऱ्या हाताच्या बोल्टवर हातोडा घालून पाहिला. तो तसूभरही हलला नाही. उषा मुद्दाम पाड्यावरून उतरून आली होती. ती म्हणाली, "याच्यावरबी लिवा."

"बाई, तिकडे आता कोणी नाही. काय लिहू?"

"तेच लिवा."

म्हणून वनानं ठसठशीत काळ्या अक्षरांत लिहिलं, 'इकडे कोणी नाही'. त्यानं ते मोठ्यानं वाचून दाखवलं तेव्हा मला हायसं वाटलं. वाटलं, आता माझा हा हातही खरं बोलतो.

मग गेल्या वर्षीचा तो दिवस आला. सावली पायाखाली गेली, वारा पडला आणि पूर्वेकडून पावलं वाजली. एकाची नव्हती, पुष्कळांची होती. मुरमावर नीट ऐकू येत होती, उमटत मात्र नव्हती. ती माझ्या तिसऱ्या हाताखाली येऊन थांबली आणि बराच वेळ तिथेच होती. कोणीतरी अक्षरं लावून लावून वाचत होतं. सावली परतली तेव्हा तिथे कोणी नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून शेवटच्या शब्दाचा, 'नाही'चा रंग सुटायला लागला. उन्हानं सुटला म्हणाल. पण ऊन बाकीच्या दोन शब्दांवरही तेवढंच पडतं, आणि ते अजून जसेच्या तसे आहेत.

परवा उषा रेशमाला आश्रमशाळेतून घेऊन आली. पोर आता भराभर वाचते. तिनं माझे दोन हात वाचले, मग तिसरा. "इकडे कोणी..." म्हणाली आणि पुढचा शब्द शोधत त्या वाटेवर दोन पावलं चाललीसुद्धा. उषानं तिला दंड धरून मागं ओढलं. दर वेळी दंड धरायला आई असेलच असं नाही.

म्हणून मित्रांनो, या म्हाताऱ्याचं एवढं ऐका. कोणी वाट विचारली तर नुसतं तोंडानं सांगू नका, हात करून दाखवा. फोनवर असाल तर आधी विचारा, भाऊ, तुमचं वर म्हणजे कोणतं? आणि इकडे कधी आलात तर काळ्या रंगाचा लहानसा डबा आणि एक ब्रश घेऊन या. दोनच अक्षरं लिहायची आहेत. मे सरायच्या आत या. आणि सकाळी या, माझी सावली जमिनीवर असेल तेव्हा.